पालक : एक शब्द, दोन रोपे

परसबागेचा इतिहास शोधताना आपण बहुधा शब्दांवर विसंबतो; रोपाकडे वळत नाही. पालकाचेच उदाहरण घेऊ. 'स्पिनॅच' म्हणजे पालक हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. वनस्पतिशास्त्राला मात्र ते मान्य नाही. आपल्याकडे वाफ्यात पेरला जाणारा देशी पालक हा बीटाचा भाऊबंद (बीटा व्हल्गॅरिस). 'स्पिनॅच' म्हणजे विलायती पालक (स्पिनॅशिया ओलेरेशिया).

या दुसऱ्याचे मूळ इराणच्या बाजूचे. त्याचे फारसी नाव अरबीतून स्पेनमध्ये पोहोचले. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने आपल्या कृषिग्रंथात या भाजीची दखल घेतली. पूर्वेकडे इ. स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने ती चीनच्या तांग दरबारी पाठविल्याची नोंद आहे. तेथे तिचे नाव पडले 'पो-लेंग'. बर्थोल्ड लाउफर यांनी १९१९ च्या 'सायनो-इराणिका'त या नावाचा संबंध भारतीय 'पालंक'शी जोडला. म्हणजे रोप इराणी आणि नाव भारतीय, असा हा प्रवास दिसतो.

मग संस्कृतातील 'पालंक्या' कोणती? सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' तिची तुलना वास्तुकाशी, म्हणजे चाकवताशी करतो. पण चाकवत, बीट आणि स्पिनॅच ही तिन्ही आज एकाच कुळात, राजगिऱ्याच्या कुळात गणली जातात. केवळ या साम्यावरून निवाडा होत नाही.

परसबाग येथे साक्ष देऊ शकते. देशी पालकाचे 'बी' हा वस्तुतः बियांचा गुच्छ असतो. एका जागी दोन-तीन अंकुर फुटतात. त्याचे फूल उभयलिंगी असते. विलायती पालकात नर व मादी फुले बहुधा निरनिराळ्या झाडांवर येतात; दिवस मोठा होऊन ऊन तापले की ते झाड लगेच फुलोऱ्यावर जाते. देशी पालक आपल्या उन्हाला अधिक सोशीक. पाने खुडली तरी पुनःपुन्हा फुटतो.

जुन्या ग्रंथातील 'पालंक्या'चे भाषांतर 'स्पिनॅच' असे करताना आपण नकळत एक ऐतिहासिक विधान करीत असतो : की हे इराणी रोप त्या काळी त्या ग्रंथकाराच्या परिसरात होते. त्याला पुरावा हवा. आम्हांस वाटते, अशा ठिकाणी मूळ शब्द तसाच ठेवावा आणि टीपेत दोन्ही रोपे नोंदवावीत. कोशात शब्द टिकून राहतो. त्याच्याआडचे रोप मात्र बदललेले असू शकते.