रेव्हरंड ना. वा. टिळक : अभंगातून मांडलेले धर्मचिंतन

मित्रहो, अंबाजोगाईत ख्रिस्ती धर्मचिंतकावर व्याख्यान कशासाठी, असं काहींच्या मनात आलं असेल. हे गाव मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं. पण याच दासोपंतांचं चरित्र इंग्रजी वाचकांपुढे कोणी नेलं? जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने. महाराष्ट्रातल्या संतकवींवरची जी इंग्रजी ग्रंथमाला त्यांनी उतारवयात काढली, तिच्यात एक पुस्तक आपल्या दासोपंतांचं आहे. आणि नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर होते, तेव्हा त्यांचा पत्रव्यवहार चालला होता तो याच ॲबटसाहेबांशी. म्हणजे हा विषय आपल्या गावाला अगदीच परका नाही.

टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ वाचलेली असते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचा विक्षिप्त, उधळ्या स्वभावही आपल्या ओळखीचा झालेला आहे. या सगळ्यात त्यांच्यातला धर्मचिंतक मात्र मागे पडला. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत.

आधी चरित्राचा सांगाडा बघू. जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन घराणं, संस्कृतचा व्यासंग. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या आणि 1900 साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. टिळक नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. 1917 मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले.

आता मुद्द्याकडे येऊ. टिळकांच्या आधी आपल्याकडच्या ब्राह्मण ख्रिस्ती विद्वानांचा मार्ग कोणता होता? नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांचं उदाहरण घ्या. 1848 साली बाप्तिस्मा घेतलेला काशीचा हा महापंडित. 1860 साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिलं. त्यात सहाही दर्शनं एकेक करून घेतली आणि तर्काने खोडली. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून सांगतो, त्या खंडनाला उत्तर देणं सोपं नाही. पण खंडनाची एक मर्यादा असते. समोरचा माणूस निरुत्तर होतो, आपलासा होईलच असं नाही.

टिळकांनी ती वाटच सोडली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. त्याहून धीट विधान पुढचं आहे : ज्यूंना जसा जुना करार, तसे आम्हाला आमचे संत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ख्रिस्ती मतात जुना करार ही येशूच्या येण्याची पूर्वतयारी मानतात, म्हणजे ईश्वराचंच काम. तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांना त्या जागी बसवणं म्हणजे, मिशनरी येण्याच्या आधीही ईश्वर महाराष्ट्रात बोलत होता, असं म्हणणं. हे नुसतं काव्य नव्हे, हा सिद्धान्त आहे.

पण टिळक सुवार्तावादीच राहिले, हेही विसरता येत नाही. येशू हा अनेक संतांपैकी एक, असं ते म्हणत नाहीत. तारणारा तो एकच, ही त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत होती. फक्त त्याच्याकडे जाण्याची रीत त्यांनी भक्तीची घेतली. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू होतो, माउली होतो. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्येच ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापलं होतं, तेव्हा छंद नवा नव्हता. पण स्टीफन्स बाहेरून आले आणि ओवी शिकले. टिळकांना ही भाषा शिकायची नव्हती, ती त्यांची होतीच. ख्रिस्ती होऊन ती टाकायला त्यांनी नकार दिला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. नगर भागातल्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य माणसं महार आणि मांग समाजातून आलेली होती. संतांचा वारसा ब्राह्मणाने मिरवावा, ठीक आहे. पण ज्यांच्या चोखोबाला पंढरीच्या देवळाबाहेर राहावं लागलं, त्यांनी तो का जपावा? त्यांच्यासाठी धर्म बदलणं म्हणजे जुनं मागे टाकणं, हीच सुटका होती. आम्हाला वाटतं, हा आक्षेप खरा आहे आणि टिळकांच्या सिद्धान्तात त्याला पुरेसं उत्तर नाही. संत त्यांना दिसले, संतांना बाहेर ठेवणारी व्यवस्था त्या मानाने कमी दिसली.

मात्र व्यवहारात काय घडलं तेही पाहा. टिळकांची गीतं, कीर्तनं आणि भजनं याच खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांनी उचलली. इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांना आपल्या चालीत, टाळ-मृदंगावर गाता आलं. अभंग ज्यांच्या आजोबांनी देवळाबाहेरून ऐकला, त्यांची नातवंडं तो उपासनेत मध्यभागी बसून गाऊ लागली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात टिळकांचा वाटा आजही मोठा आहे.

1917 चं पाऊल या सगळ्याचा शेवटचा टप्पा. पगारी मिशनसेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांना जागा होती, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. म्हणजे मनाने ख्रिस्ताचं व्हायचं असेल, तर घरदार आणि समाज तोडलाच पाहिजे का, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. ज्याचं स्वतःचं घर त्यापायी काही वर्षं मोडलं होतं, त्याने तो विचारावा यात नवल नाही. पण बाप्तिस्मा ऐच्छिक म्हटला, तर मंडळीची सीमा कुठे आखायची? हा पेच त्यांना सोडवता आला नाही. वेळही मिळाला नाही. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

मग शिल्लक काय राहिलं? गीतं राहिली. ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरं केलं. रूढ शालेय शिक्षण न झालेल्या बाईचं हे काम आहे, हे ध्यानात ठेवा. टिळकांच्या घरी राहिलेले बालकवी मराठी कवितेत अढळ झाले. आणि तो प्रश्न राहिला. श्रद्धा बदलली म्हणजे माणूस भाषेला, गावाला, पूर्वजांना परका होतो, असं म्हणणारे आज कमी नाहीत. दोन्ही बाजूंना आहेत. टिळकांनी ते नाकारलं आणि त्याची किंमत घरात, समाजात आणि मिशनमध्येही मोजली.

मुकुंदराजांच्या या गावात भाषेचा मान काय असतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. त्या भाषेत टिळकांनाही त्यांची जागा द्यावी, एवढंच आमचं म्हणणं आहे. आता आपले प्रश्न येऊ द्यात.