‘विच’ व्हायचंय? मग आधी ‘चेटकीण’ या शब्दाचा इतिहास वाचा

सध्या रील्समध्ये एक नवीन लाट आलीय. काळ्या-पांढऱ्या मेणबत्त्या, रंगीत दगड, टॅरोचे पत्ते, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेली पाण्याची बरणी, आणि वर लिहिलेलं असतं, ‘तुमच्यातली विच जागी करा’. पुण्या-मुंबईचं खूळ म्हणून सोडून देऊ नका. नारायणगाव, मंचर, जुन्नरच्या कॉलेजातली पोरंपोरीही हे बघतात. त्यातली काही मनापासून विचारतात, की हा आपला स्वतःचा आध्यात्मिक मार्ग म्हणून धरायचा, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न चेष्टेवारी न्यायचा नाही. मनाला आधार हवा असतो आणि तो देवळात, कीर्तनात प्रत्येकालाच मिळतो असं नाही. पण सुरुवात मेणबत्तीपासून करू नका, इतिहासापासून करा. कारण जो शब्द तिकडे लोक आज हौसेने स्वतःला लावून घेतात, त्याच अर्थाच्या शब्दाने आपल्याकडे अजून माणसं मरतात.

आधी हे ‘विचक्राफ्ट’ आलं कुठून ते बघू. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात चेटकीण ठरवून हजारो माणसं मारली गेली, त्यात बहुतेक बायका. तेव्हा सरकार, न्यायालय आणि चर्च, सगळ्यांचाच चेटकावर विश्वास होता. मग ब्रिटनमध्ये १७३५ साली नवा कायदा आला आणि सरकारची भूमिकाच उलटी झाली. अशी काही शक्ती कुणाकडे नसतेच, त्यामुळे चेटूक केल्याचा खटला चालणार नाही. मात्र ‘माझ्याकडे शक्ती आहे’ असं सांगून जो लोकांना फसवेल त्याला वर्षभराची कैद. हा कायदा १९५१ पर्यंत चालला. तो रद्द झाल्यावर तीनच वर्षांनी, १९५४ साली, जेरल्ड गार्डनर या मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या इंग्रज माणसाचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. हा युरोपातला जुना धर्म आहे आणि तो गुपचूप टिकून राहिलाय, असं तो म्हणायचा. पुढे रोनाल्ड हटनसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिलं, की यातला बराचसा भाग विसाव्या शतकातच जुळवलेला आहे.

म्हणजे रील्समध्ये ‘प्राचीन विद्या’ म्हणून जे दाखवतात, त्याचं आजचं रूप शंभर वर्षांचंही नाही. त्यात वाईट काही नाही. चंद्राच्या कला पाळणं, ऋतू साजरे करणं, शांत बसून मनातली इच्छा तपासणं, याने कुणाचं नुकसान होत नाही. पण क्रम लक्षात घ्या. आधी समाजाची भीती गेली, मग कायदा गेला, आणि त्यानंतर माणसं स्वतःला ‘विच’ म्हणवून घ्यायला मोकळी झाली. स्कॉटलंडमध्ये तर त्या जुन्या खटल्यांबद्दल तिथल्या सरकारच्या प्रमुखांनी २०२२ च्या महिला दिनी जाहीर माफी मागितली.

आता आपल्याकडे या.

निसर्गाची, पाण्याची, देवीची उपासना शोधायला जुन्नरच्या माणसाने इंग्लंडला जायचं काही कारण नाही. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगराचं नावच घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून या मुलखात पायी हिंडायचे, मावळायांच्या जुन्या जागा शोधायचे. मानमोडी, म्हणजे मान मोडणारी, हे देवीचं नाव असावं आणि तिथल्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखात डोंगराचं ‘मानमुकुड’ असं जे नाव येतं ते तेच, हे त्यांनी दाखवलं. देवी जवळजवळ दोन हजार वर्षांची झाली की! नदीकाठच्या, विहिरीवरच्या शेंदूर लावलेल्या साती आसरा तर आपण सगळ्यांनीच बघितल्यात. बाळंतीण, लेकरू, विहिरीला लागलेलं पाणी, सगळं त्यांच्या हवाली. तिथे बाईच हळदकुंकू वाहते, बाईच ओटी भरते, मधे भटजी लागत नाही.

मंत्रविद्याच हवी असेल तर नाथपंथ आहे. मालू नरहरीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ १८१९ सालचा. आजही श्रावणात घरोघर त्याचं पारायण चालतं. त्यात मच्छिंद्रनाथांना सप्तशृंगीवर साबरी विद्या मिळाल्याची कथा आहे. संस्कृत न येणाऱ्याला आपल्या बोलीत म्हणता यावेत असे हे साबरी मंत्र. याच नाथांच्या परंपरेत निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर येतात. ज्ञानेश्वरांनी तीच गुरुपरंपरा ज्ञानेश्वरीच्या शेवटी सांगितली, पण लोकांच्या हातात मंत्रतंत्र न देता गीता दिली. आपल्या आळ्यात रेड्याची समाधी आहे आणि ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची. म्हणजे सिद्धी आणि भक्ती यातलं काय निवडायचं, हा वाद या तालुक्याला नवा नाही. तुकोबांनी तर नवस आणि अंगात येणं यावर सरळ कोरडे ओढले.

मग अडचण कुठे आहे? अडचण शब्दांत आहे.

मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी कोश उघडा. चेटूक, करणी, मूठ, पंचाक्षरी, असे शब्द पानोपानी भेटतात. आता कोश मिटून गावात हे शब्द कसे वापरतात ते आठवा. भगत, मांत्रिक, देवऋषी, पंचाक्षरी हे बहुतेक पुरुष. लोक त्यांच्याकडे नारळ घेऊन जातात, दक्षिणा देतात. देवऋषीण असते, जोगतीण असते, त्यांनाही लोक भितात तसा मानही देतात. पण चेटकीण आणि डाकीण? हे शब्द कुठल्याही बाईने आपणहून स्वतःला लावून घेतल्याचं तुम्ही ऐकलंय का? हे नाव दुसराच कुणीतरी देतो. लेकरू आजारी पडलं, म्हैस आटली, की बोट जातं ते एकट्या विधवेकडे, मूलबाळ नसलेल्या बाईकडे, नाहीतर जिच्या बांधावर भावकीचा डोळा आहे तिच्याकडे.

पेशवाईत तर सरकारच हे खरं मानायचं. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी हे नोंदवलंय. भुताखेतांचा आणि चेटकाचा बंदोबस्त करणं हे सरकार आपलं काम समजे आणि चेटूक करणाऱ्यांना शोधून शिक्षा देण्यासाठी माणसं नेमली जात. सरकारच शोधायला निघालं, की सापडणार कोण? ज्याच्या मागे कुणी नाही तो.

हे शनिवारवाड्याबरोबर संपलं नाही. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष, दोघांना गावकऱ्यांनी जाळून मारलं. २०२४! आपल्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या दुर्बिणी दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतायत, त्याच राज्यात हे घडलं.

जादूटोणाविरोधी कायदा आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षं मागणी केली, विधेयकं रखडली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ‘आमचे देवधर्म बंद करणार’ अशी हाकाटी झाली होती. ती खोटी. घरातली पूजा, वारी, कीर्तन, भजन, पारायण, अगदी ज्योतिषाचा सल्लासुद्धा या कायद्यात गुन्हा नाही. गुन्हा कशात आहे? भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करण्यात. चमत्कार दाखवून पैसा उकळण्यात. साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र आणि गंडेदोरे करण्यात. आणि ‘ही करणी करते, हिच्यामुळे जनावराचं दूध आटलं’ असं उठवून एखाद्याचं जगणं मुश्कील करण्यात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. १७३५ चा इंग्रजी कायदा आणि आपला हा, दोन्हींचा गाभा एकच: श्रद्धेला हात नाही, फसवणुकीला आणि छळाला माफी नाही.

तर पोरांनो, पोरींनो, सुरुवात करायचीच असेल तर इतिहासाने घालून दिलेल्या तीन खुणा सांभाळा.

एक, साधना स्वतःसाठी. स्वतःचा राग, भीती, आळस यांच्यावर काय मंत्र चालवायचा तो चालवा. ‘त्याला वश करायचंय, तिचं वाटोळं करायचंय’ असं मनात आलं, की ती साधना राहत नाही, मग ती मूठच झाली. आणि दुसऱ्याने आपल्यावर करणी केलीय, असं बोट तर कधीच कुणाकडे दाखवू नका. आपल्याकडे त्या बोटानेच जीव घेतलेत.

दोन, पैसा. ग्रहदोष काढायला एकवीस हजार, वशीकरणाला एक्कावन्न, असं म्हणणारा एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या पोस्टरवर असो की इन्स्टाग्रामवर इंग्रजी बोलणारा असो, दोघांचा धंदा एकच. आसरांना हळदकुंकू वाहायला तुमची आजी किती पैसे मोजायची?

तीन, औषध. ताप, फिट, सर्पदंश, बाळंतपण आणि मनाचा आजारसुद्धा, आधी डॉक्टर. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारासाठी वर्षानुवर्षं काम केलंय. त्या दवाखान्याचा रस्ता सोडून मांत्रिकाच्या दारात अर्धा तास गेला, तर तो परत येत नाही.

एवढं सांभाळून कुणी पौर्णिमेला गच्चीवर मेणबत्ती लावून बसत असेल तर बसू द्या. आईबापांनीही लगेच ‘पोरीला लागिर झालं’ म्हणून तिला ओढत देवऋषाकडे नेऊ नये. तिच्याजवळ बसा, काय शोधतेय ते विचारा.

आणि तुमच्या वाडीवस्तीवर एखाद्या बाईला ‘चेटकीण’ म्हणून वाळीत टाकलं असेल, तिच्या हातचं पाणी बंद झालं असेल, तर गप्प बसू नका. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, जे पोलीस ठाणं जवळ असेल तिथे जा आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार घ्या म्हणून ठामपणे सांगा. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चार जण मिळून जा. तिला तसंच एकटं सोडलं, तर उद्या बातमी आपल्या तालुक्याची असेल.