बांधाच्या वरचे आकाश

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावच्या शिवारात ऊस दहा-बारा फुटांवर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही. पाने अंग कापतात, पाचटात पाय अडकतो आणि औषध आपल्याच तोंडावर येते. म्हणून आता बांधावर ड्रोन उतरतो. चालवणारा आधी वीजतारा बघतो, मग वारा, मग दहा लिटरची टाकी भरतो. यंत्र शेंड्यांच्या थोडे वर धरून तो सरीसरीने नेतो आणि एकरभर फवारणी दहा मिनिटांच्या आसपास उरकते. कायद्याच्या भाषेत ही दहा मिनिटे म्हणजे विमानाचे उड्डाण.

सातबारा जमिनीपुरता असतो. वरच्या हवेवर सत्ता राज्यसंस्थेची, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात आहे: प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. त्याच कराराचे आठवे कलम वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाविषयी आहे. असे यंत्र दुसऱ्या देशाच्या आकाशात न्यायचे तर त्या देशाची खास परवानगी हवी. ड्रोन गावात यायच्या कितीतरी आधी हा विचार झाला होता, हे मला विलक्षण वाटते.

हे आकाश थरांचे आहे. अगदी वरून जाणारी प्रवासी विमाने मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात येतात. तिथे काही भाग निषिद्ध, काही निर्बंधित, तर काही धोक्याचे म्हणून जाहीर असतात. निषिद्ध भागात शिरायचेच नाही. निर्बंधित भागात घातलेल्या अटी पाळून जायचे. धोक्याच्या भागात ठरावीक वेळी गोळीबारासारखे काही चालू असू शकते, हे ओळखून मार्ग ठरवायचा. पारगावच्या शेतकऱ्याचा संबंध येतो तो सगळ्यात खालच्या थराशी.

त्या थराचे ‘ड्रोन नियम’ २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. त्यांत जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, ही मुख्य रेघ आहे. हिरव्या पट्ट्यात त्या रेघेखाली उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. रेघेच्या वर पिवळा पट्टा सुरू होतो आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रकांना विचारावे लागते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच पिवळा पट्टा असतो. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक मिळते. पुण्याचा लोहगाव विमानतळ इथून दक्षिणेला, या वर्तुळाच्या पुष्कळ बाहेर आहे. फवारणीचा ड्रोन तर वीस फुटांच्या आसपासच असतो. उंचीचा प्रश्न येतो तो लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याला.

पण उंचीत बसले म्हणजे सगळे झाले असे नाही. यंत्राचे वजन २ ते २५ किलोंच्या दरम्यान असेल तर ते ‘लघु’ वर्गात येते. फवारणीचे बहुतेक ड्रोन याच वर्गातले. त्याला नोंदणी क्रमांक हवा आणि चालवणाऱ्याकडे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र हवे. हौसेखातर उडवलेल्या २ किलोंपर्यंतच्या यंत्राला प्रमाणपत्राची सूट आहे.

शिवाय जमिनीवरचे कायदे आहेतच. शिवनेरीवर पुरातत्त्व खात्याची आणि भीमाशंकर अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदचा प्रश्न तर आणखी निराळा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. त्यांचा पल्ला साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ. बऱ्याच ड्रोनचे नियंत्रण २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे या पल्ल्याबाहेर चालते. पण ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा पल्ल्याच्या दोन टोकांमध्ये पडतो. फुटांत मोजणाऱ्या नियमाला हा गोंगाट ऐकू येत नाही.

माझ्या मते खरी उणीव ओळखीची आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावे जागी राहिली. चोर टेहळणी करतात, अशी भीती होती. बिबट्याच्या धास्तीने आधीच दाराला कडी लावून बसणाऱ्या माणसांची ती भीती मला खोटी वाटत नाही. यंत्रावर नोंदणी क्रमांक असतो, पण अंधारात डोक्यावर लुकलुकणाऱ्या दिव्याचा क्रमांक अंगणातून वाचायचा कसा? जमीनमालकाची संमती ही तर या नियमांतली अटच नाही. तातडीची गरज असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी लाल ठरवू शकतो. त्याने उड्डाण बेकायदा ठरते; उडवणारा मात्र सापडत नाही.

याचे उत्तर नियमांतच लिहून ठेवलेले आहे. परवानगीशिवाय यंत्र उडूच नये अशी व्यवस्था आणि उडताना आपला ठावठिकाणा सांगणारा संकेतक या गोष्टी केंद्र सरकार पुढे सक्तीच्या करू शकते. त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत द्यायची, असे बाराव्या नियमात आहे. फवारणीवाला आपला क्रमांक विनातक्रार दाखवतो, कारण तो दिवसाउजेडी बांधावर उभा असतो. संकेतक हवा आहे तो रात्री उडवणाऱ्याच्या यंत्रात.