स्पॅनिंग ट्री आणि पोर्टची मांडणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वाकडलगतच्या हिंजवडीसारख्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात कार्यालयीन जाळे खंडित होऊ नये म्हणून स्विचमध्ये पर्यायी जोडण्या ठेवल्या जातात. परंतु त्यातून वर्तुळ निर्माण झाल्यास संदेश अखंड फिरत राहून जाळे ठप्प होते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये यावर स्पॅनिंग ट्री पद्धती शोधली. १९९० मध्ये ती आयईईईच्या ८०२.१डी मानकात समाविष्ट झाली. अतिरिक्त मार्गावरील पोर्ट रोखून धरणे, हे तिचे सूत्र होय.

मात्र नव्याने जोडलेल्या पोर्टला सुमारे ३० सेकंद थांबावे लागे. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू मानकात संगणकाकडील पोर्ट 'एज' ठरवून ही प्रतीक्षा टाळता आली. तथापि अशा पोर्टला चुकून दुसरा स्विच जोडल्यास काही काळ वर्तुळाचा धोका उद्भवतो. सारांश, वेग साधताना सावधगिरीचा काही भार यंत्राकडून मांडणी करणाऱ्याकडे आला.