तापाच्या रकान्यात दडलेला आजार

ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतातल्या गावात कोणी दगावले, की कोतवालामार्फत खबर वर जायची आणि मृत्यूचे कारण ठरावीक रकान्यांपैकी एकात बसवले जायचे. पटकी, देवी, ताप, हगवण, आणि जे कशातच बसत नाही ते 'इतर'. जुन्या चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, तापाने माणसे जाण्यात कोणाला वावगे वाटत नसे. हिवतापाचाच मुलूख होता तो. डोळे पिवळे पडलेले, हातापायांना सूज आलेले, पानथरी वाढून पोट पुढे आलेले लेकरू दोन-तीन वर्षांचे होऊन गेले, तरी ते तापानेच गेले असे धरले जाई. त्यातल्या काही लेकरांना आईबापांकडून आलेला वेगळाच आजार होता. तो ओळखण्याचे साधन तेव्हा तिथे कोणाकडेच नव्हते.

हा आजार म्हणजे सिकलसेल. त्याची पहिली शास्त्रीय नोंद 1910 साली शिकागोत झाली. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात जेम्स हेरिक या डॉक्टरला विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. त्या तशा का होतात, याचे उत्तर मिळायला आणखी चार दशके गेली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीत नसून तिच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. 1956 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या दोषाची नेमकी जागा शोधायला सुरुवात केली आणि वर्षभरात ती सापडली.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. दोन अल्फा साखळ्यांत प्रत्येकी 141 अमिनो आम्ले, दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी 146. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. पण या जागेमुळे प्राणवायू सोडून दिलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि मऊ, गोल पेशी वाकडी व कडक होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकल्या, की हाडे ठणकू लागतात. तो ठणका सोसलेला माणूस त्याची तुलना दुसऱ्या कोणत्याही दुखण्याशी करत नाही.

प्रथिनातल्या एका जागेवरच्या बदलाने वंशपरंपरागत आजार होतो, हे या शोधामुळे पहिल्यांदा सिद्ध झाले.     असा उलगडलेला हा पहिला आजार विदर्भात गावोगावी आहे.

भारतात सिकलसेलचा जनुक प्रथम 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत सापडला. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयीची, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच हा जनुक मिळालेल्यांविषयीची, नोंद 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. तिथून पुढे विदर्भात शोध वाढत गेला. पुण्याचे डॉ. सु. ल. काटे यांनी राज्याच्या आदिवासी पट्ट्यात वर्षानुवर्षे तपासण्या केल्या. माडिया, परधान, ओतकर, भिल्ल, पावरा या समाजांत वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्के असल्याचे त्यांच्या मांडणीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाजही त्यांनी दिला. आजार आदिवासींपुरता नाही. विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आढळतो.

तो याच मुलखात एवढा का टिकला? याचे उत्तर 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा जनुक मिळतो, त्या वाहकाला सहसा त्रास होत नाही आणि जिवावर बेतणाऱ्या हिवतापापासून त्याचे बरेच रक्षण होते. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरचीच्या जंगलात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या लेकरे नेत होता. अशा ठिकाणी वाहक मुले जास्त जगली, त्यांचा वंश वाढला आणि जनुकही वाढला. दोन वाहकांचे लग्न झाले, की प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. बाहेरच्यांनी या समाजांना 'दूषित रक्ताचे' म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. याच रक्ताने त्यांना या जंगलात तगवले.

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली तिथे आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनात सिकलसेल होता आणि जनुक जिल्ह्यात किती पसरला आहे, हे त्यातून पुढे आले. पण लोकांना त्यात रस वाटला नाही. अभय बंग यांनी हा अनुभव पुढे अनेकदा सांगितला आहे: तो प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटत होता, लोकांचा तो नव्हता. 'सर्च' नंतर बायकांच्या आजारांकडे आणि बालमृत्यूंकडे वळली, आणि त्या कामाने जगभरातली आरोग्यधोरणे बदलली.

लोकांनी पाठ का फिरवली, हे समजण्यासारखे आहे. रक्त घेतले, आजाराचे नाव सांगितले, पुढे काय? त्या काळी फोलिक अ‍ॅसिड, दुखण्यावरची गोळी आणि गरज पडली तर रक्त, यापलीकडे हाती फारसे काही नव्हते. आणि रक्त मिळायचे ते दूर शहरात. पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथल्या घराला रक्तपेढीचा भरवसा कसा वाटावा?

राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम 2008-09 च्या सुमारास सुरू झाला, आणि गडचिरोली पहिल्या जिल्ह्यांत होती. तपासणी सोपी असते. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब छोट्या नळीतल्या द्रावणात टाकतात, थोडा वेळ थांबतात आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या तपासणीला जातो, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे नळी सांगत नाही. मग माणसाच्या हाती कार्ड पडते: वाहकाला पिवळे, रुग्णाला लाल. गावात मग बोलणे सुरू होते ते वाहकाच्या 'एएस पॅटर्न'चे आणि रुग्णाच्या 'एसएस पॅटर्न'चे.

या कार्डाने लग्नाच्या रीतीत नवी गोष्ट आणली. गोंडांत कुळाचे देव किती, म्हणजे चार देवे, पाच देवे, सहा देवे की सात देवे, हे पाहून सोयरीक ठरते. देव सारखे असतील तर लग्न होत नाही. आता त्याच बैठकीत पॅटर्नही विचारला जावा, असे आरोग्य कार्यकर्ते सांगतात. सल्ला योग्य आहे. पण पिवळे कार्ड असलेली मुलगी म्हणजे आजारी मुलगी, असा समज झाला तर तिचे लग्न मोडते, आणि घरे तपासणीच टाळू लागतात. वाहक निरोगी असतो. टाळायचे आहे ते फक्त वाहकाचे वाहकाशी लग्न, हे पहिल्या भेटीत, मुलगा आणि मुलगी दोघांच्या घरी सांगावे लागते.

दरम्यान उपचार पुढे गेले. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे अमेरिकेत 1995 मध्ये सिद्ध झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना किलोमागे रोज 10 मिलिग्रॅमची ठरावीक कमी मात्रा दिली आणि 2012 मध्ये तिचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी देखरेख. दुर्गम तालुक्यांसाठी यासारखा उपयोगी शोध दुसरा नाही. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचे केंद्र आता खुद्द चंद्रपुरात आहे. 2016 च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली, आणि 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 2047 पर्यंत उच्चाटनाचे लक्ष्य ठेवून 40 वर्षांखालच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे ठरवले आहे.

सात कोटी तपासण्या होतीलही. पण गडचिरोलीचा गेल्या चार दशकांचा इतिहास सांगतो, की नुसत्या निदानाने लोकांचा विश्वास मिळत नाही. लाल कार्ड असलेली बाई मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते, तेव्हा उन्हाने शरीरातले पाणी कमी होऊन झटका येऊ शकतो. आषाढ-श्रावणात रोवणीसाठी दिवसभर गार चिखलात, पावसात उभे राहिल्यानेही तो येतो. तिला ही कामे सोडता येत नाहीत, कारण वर्षाची रोकड त्यातूनच येते. भरपूर पाणी पी, अंग गरम ठेव, ताप आला तर थांबू नकोस, हे तिला तिच्या भाषेत, माडिया किंवा गोंडीत, सांगणारे माणूस हवे. आणि गोळी संपण्याआधी पुढची गोळी गावाजवळ मिळायला हवी.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने हायड्रॉक्सियुरिया असावी, लहान रुग्णांना पेनिसिलिन आणि लसी वेळेवर मिळाव्यात, पावसाळ्याआधी भामरागडसारख्या तालुक्यांत औषधांचा साठा पोचावा आणि रक्ताची सोय तालुक्याच्या गावी व्हावी. तपासणीचे आकडे जाहीर होतात, तसेच किती रुग्णांना वर्षभर सलग गोळी मिळाली, हा आकडाही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांनी दरवर्षी जाहीर करावा.