टेन्शन जातं, धास्ती का राहते?

आजच्या भागात इतिहास आहे, पण किल्ल्यांचा नाही. इतिहास आहे 'टेन्शन'चा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा शब्द सत्तरीतली माणसंही सहज वापरतात. सोयाबीन काढणीला आलं अन् पाऊस लागला, टेन्शन. कापसाला भाव नाही, टेन्शन. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो: हे सगळं साठतं कुठं?

गोष्ट सुरू होते १९३६ मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियलला. हान्स सेल्ये तेव्हा २९ वर्षांचा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा किंवा विषारी द्रव्य टोचा, शरीराचा प्रतिसाद सारखाच येतो, हे त्यानं पाहिलं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, पोटात व्रण पडतात. 'नेचर'मध्ये त्यानं यावर छोटंसं टिपण छापलं. पुढं या सगळ्याला 'स्ट्रेस' हे नाव चिकटलं. पण तेव्हा बोलणं होतं ते शरीराचं. मेंदू बाजूलाच राहिला.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कला ब्रूस मॅकइवेन यांनी दाखवलं, की अ‍ॅड्रिनलमधून निघणारं ताणाचं संप्रेरक थेट मेंदूत पोचतं आणि हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी तयार करणारा भाग. नंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं, की ताण लांबला तर तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. झाडाला पाणी तुटल्यासारखं.

मग सगळा मेंदूच असा सुकतो का? याचं उत्तर आपल्या देशात सापडलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं एक केंद्र बेंगळुरूला आहे, एनसीबीएस. तिथं सुमंत्र चॅटर्जी, अजय व्यास आणि सहकाऱ्यांनी उंदरांना १० दिवस, रोज २ तास, हलताच येणार नाही असं ठेवलं. २००२ मध्ये निकाल छापून आला. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडल्या होत्याच. पण अ‍ॅमिग्डालामध्ये, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या बदामाएवढ्या भागात, फांद्या उलट वाढल्या होत्या! ताण एकच, पण एक भाग रोडावला अन् दुसरा फोफावला.

खरा धक्का २००४ मध्ये बसला. ताण थांबवून उंदरांना २१ दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस सावरला. अ‍ॅमिग्डालाची वाढ मात्र तशीच राहिली, आणि उंदीर अजूनही घाबरलेलेच होते. म्हणजे कारण संपलं, पण घंटा वाजतच राहिली.

आता आपल्याकडे या. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. शेतकरी आत्महत्या होत असलेल्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात बुलढाणाही होता. व्याजमाफी, सिंचन, बियाणं, सगळं गरजेचंच. पण व्याज माफ झालं की गावात म्हणतात, "आता कायचं टेन्शन?" त्या उंदरांचे २१ दिवस आठवा. वर्षानुवर्षं धास्तीत काढलेला माणूस एका सरकारी कागदानं निवांत होईल, असं आपण कशावरून धरतो?

उंदीर म्हणजे माणूस नाही, हे मान्य. अन् भाव, पाणी, कर्ज यांचं उत्तर मेंदूत शोधायचं नाही, हेही तितकंच खरं. पण दोन्हीकडे लक्ष देता येतं. आमच्याच विभागातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी मनाच्या त्रासाबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज असेल त्यांना डॉक्टरपर्यंत नेलं. २०१७ मध्ये आकडे छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीडेक वर्षात २७.२ टक्के झाले. तीच गावं, तीच शेती. फरक एवढाच, की कोणीतरी दारात जाऊन विचारलं.

म्हणून घरात कोणी "सगळं ठीक आहे, तरी जीव घाबरतो" म्हणालं, तर "उगाच विचार करतो" म्हणून उडवून लावू नका. ऐकून घ्या. सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा आणि घरच्यांच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!