जुन्या मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब : पेण-रोहा मार्गाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासात इंजिन, आराखडा व उत्पादक यांची नोंद आवर्जून घेतली जाते. चाकातील हवेकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागापुरताच. 2021 मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी-नियम केले. त्यामुळे अशा मोटारींच्या देखभालीचा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. माहितीपुस्तिकेत छापलेला हवेचा आकडा आज कितपत ग्राह्य मानावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकड्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी

1888 मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर व्यवहारात आणला. आरंभीचे मोटारीचे टायर अरुंद असून त्यांत पन्नास-साठ पौंडांपर्यंत हवा भरावी लागे. 1923 पासून रुंद ‘बलून’ टायर प्रचारात आले आणि हा दाब जवळजवळ निम्म्यावर आला. भारतात डनलॉपचा साहागंज येथील कारखाना 1936 मध्ये सुरू झाला. मुंबईत 1944 मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. पुढे तिच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. 1958 मध्ये सिएट कंपनी भारतात आली. फियाट व सिएट या दोन्ही कंपन्यांचे मूळ इटलीतील तुरिन शहरात आहे, ही बाब लक्षणीय होय.

1964 पासून तयार झालेली आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्ध झालेली मोटार 5.20-14 मापाच्या क्रॉस-प्लाय टायरांवर धावत असे. या टायरातील धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदतात, त्यामुळे त्याच्या बाजू ताठ राहतात. मिशेलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल टायरात धागे आडवे असून त्यांवर पट्टे असतात. त्याच्या बाजू लवचिक असतात. म्हणूनच पुरेशी हवा असतानाही रेडियल टायर किंचित बसल्यासारखा दिसतो. टायर पाहून किंवा पायाने दाबून हवा ठरविण्याची जुनी पद्धत येथे फसते.

पेण-रोहा मार्गाची परीक्षा

मुंबईहून पनवेलमार्गे पेण, तेथून वडखळ, नागोठणे आणि पुढे रोहा असा हा मार्ग आहे. पेण ते रोहा हे अंतर सुमारे 40 किलोमीटर आहे. येथे तीन घटकांचा विचार करावा लागतो.

पहिला घटक तापमान. बंद टायरातील हवा तापली की दाब वाढतो. 25 अंश सेल्सियसला 24 पौंड भरलेला टायर आतून 55 अंशांपर्यंत तापल्यास सुमारे 28 पौंड दाखवितो. मे महिन्यात मुंबईहून पेणला पोहोचल्यावर ‘हवा जास्त झाली’ असे समजून ती काढणे ही चूकच ठरते. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि फुटण्याचा संभव वाढतो. म्हणून मोजणी प्रवासापूर्वी, टायर थंड असतानाच करावी.

दुसरा घटक पाऊस. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. प्रचलित सूत्रानुसार 24 पौंडांस हा वेग ताशी सुमारे 82 किलोमीटर, तर 30 पौंडांस सुमारे 91 किलोमीटर येतो. नक्षी झिजलेली असल्यास धोका याहून आधीच संभवतो.

तिसरा घटक भार. गणेशोत्सवात गावी निघालेल्या कुटुंबाची मोटार माणसांनी व सामानाने भरलेली असते. हा वाढीव भार मुख्यतः मागील चाकांवर पडतो. त्यामुळे पुढील व मागील चाकांचे आकडे वेगळे ठेवावे लागतात.

आकड्याची चिकित्सा

माहितीपुस्तिका हे अस्सल साधन होय. परंतु प्रत्येक साधनाप्रमाणे तिचाही काळ पाहावा लागतो. प्रथम एकक तपासावे : इटालियन पुस्तिकेतील 1.7 किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे 24 पौंड. त्यानंतर टायरची जात पाहावी. क्रॉस-प्लायसाठी दिलेला आकडा रेडियलला लावताना दोन ते चार पौंड वाढवून आरंभ करण्याची प्रथा आहे. टायरवर कोरलेला कमाल दाब ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. एकाच आसावर दोन्ही जातींचे टायर कधीही बसवू नयेत. 2000 नंतरच्या टायरवरील चार अंकी खूण त्याचे वयही सांगते; ‘2316’ म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. शेवटी झीज पाहावी : दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्यभाग झिजला तर जास्त.

समारोप

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. उरलेल्या मोटारी आता जतनाचा विषय आहेत. त्या मूळ स्वरूपात राखणे म्हणजे जुना आकडा डोळे झाकून पाळणे नव्हे. तो आकडा विशिष्ट टायर, विशिष्ट भार व विशिष्ट रस्ता यांसाठी दिला गेला होता. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी त्याची फेरतपासणी करावी लागते. साधनचिकित्सेचा हा नियम दप्तरखान्याप्रमाणेच टायरच्या व्हॉल्व्हलाही लागू पडतो. येथे त्याची उपेक्षा झाल्यास प्रवाशांचा जीव धोक्यात येतो.